एका सुताराची त्रेचाळीस वर्षांची तपश्चर्या



आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे दरवर्षी येतात आणि ती यावीत हे योग्यच आहे. परंतु वाकस, करवत, रंधा आणि पटाशी यांच्या आधारावर ज्याने आयुष्य उभारले, तो पुरुष पृथ्वीच्या पाठीवर कोठेही जन्मला असला तरी तो आपला सोयराच होय, अशी आमची भावना आहे. म्हणून या वर्षी आम्ही सातासमुद्रांपलीकडील एका सुताराची हकीकत आपणांसमोर ठेवीत आहोत. त्याचे नाव जॉन हॅरिसन. भर समुद्रात जहाज नेमके कोठे आहे हे सांगणारे घड्याळ या पुरुषाने घडविले. त्या कामी त्याने आयुष्याची त्रेचाळीस वर्षे वेचली आणि ज्या विद्वानांनी त्याचा निवाडा करावयाचा होता, त्यांच्याशी अखेरपर्यंत झगडून वयाच्या ऐंशीव्या वर्षी आपला हक्क पदरात पाडून घेतला.

हॅरिसनच्या कामाचे मोल कळण्यासाठी आधी प्रश्न काय होता तो समजून घेतला पाहिजे. भूगोल शिकविताना आम्ही मुलांपुढे एक मोसंबे धरीत असू व त्यावर आडव्या-उभ्या रेघा काढून दाखवीत असू. आडव्या रेघा म्हणजे अक्षांश. आपण कोणत्या अक्षांशावर आहोत हे दुपारच्या सूर्याच्या किंवा रात्रीच्या ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून खलाशांस पूर्वीपासून कळत असे. उभ्या रेघा म्हणजे रेखांश, आणि सारे घोडे अडत होते ते येथेच. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासास १५ अंश, व एका अंशास चार मिनिटे. मुंबई व कलकत्ता यांच्या रेखांशांत सुमारे साडेपंधरा अंशांचे अंतर आहे, म्हणून कलकत्त्यास सूर्य माथ्यावर आल्यानंतर मुंबईस तो माथ्यावर येण्यास एक तास दोन मिनिटे लागतात. मुंबईचा स्वतंत्र ‘मुंबई टाइम’ आपल्या आजच्या घड्याळाच्या ३९ मिनिटे मागे असे, हे घरातील जुन्या माणसांकडून पुष्कळांनी ऐकले असेल. त्याचे कारणही हेच.

आता समजा, आपण बंदर सोडताना तेथील वेळ दाखविणारे एक घड्याळ बरोबर घेतले. भर समुद्रात सूर्य माथ्यावर आला की जहाजावर बारा वाजले. त्याच क्षणी बंदराचे घड्याळ तीन वाजल्याचे दाखवीत असेल, तर आपण बंदराच्या पश्चिमेस ४५ अंशांवर आहोत. हिशेब इतका सोपा, की पाचवीतील मुलानेही करावा. अडचण एकच होती. असे घड्याळच जगात नव्हते! त्या काळची उत्तम घड्याळे लोलकाची. जहाज हेलकावू लागले की लोलक बिघडे, उष्ण प्रदेशात धातू प्रसरण पावे, थंडीत तो आकसे, तेल घट्ट होई किंवा पातळ होई. लग्नघरी जोशीबुवांनी पाण्यात सोडलेले घटिकापात्र भरगर्दीत कोणाचा धक्का लागून कलंडले तर मुहूर्ताचे काय होईल, याची कल्पना करावी, म्हणजे समुद्रावरील घड्याळाची दैना ध्यानात येईल.

रेखांश न कळल्यामुळे जहाजे वाट चुकत, खडकांवर आपटत, आणि खलाशी अन्नपाण्यावाचून मरत. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री सर क्लाउड्सली शॉव्हेल या नौसेनापतीच्या ताफ्यातील चार जहाजे इंग्लंडजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर फुटली. दीड-दोन हजार माणसे स्वदेशाच्या उंबरठ्यावर बुडून मेली. त्यानंतर सात वर्षांनी, १७१४ साली, ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून पारितोषिक जाहीर केले. वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्यास २०,००० पौंड, अशी त्यातील सर्वात मोठी रक्कम होती. अर्धा अंश म्हणजे घड्याळाची दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या सफरीत एवढीच चूक व्हावयाची, तर घड्याळाने रोज तीन सेकंदांपेक्षाही कमी चुकले पाहिजे. साक्षात न्यूटनने पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले होते, की जहाजाचे हेलकावे, थंडी-उन्हाळा, ओल व कोरडेपणा यांमुळे असे घड्याळ अद्याप कोणाला साधलेले नाही. विद्वानांचा कल आकाशाकडे होता. चंद्र आणि तारे यांच्यामधील अंतर मोजून उत्तर मिळेल, असे त्यांस वाटे. उत्तर एखाद्या सुताराच्या दुकानातून येईल, असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

जॉन हॅरिसनचा जन्म १६९३ साली यॉर्कशर परगण्यातील फाउल्बी या खेड्यात झाला. बाप हेन्री हा सुतार. पुढे हे कुटुंब लिंकनशर परगण्यात हंबर नदीकाठच्या बॅरो या गावी येऊन राहिले. पोर बापाच्या हाताखाली लाकूड तासावयास शिकले. मोठ्या शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. परंतु एका धर्मोपदेशकाने त्यास एक हस्तलिखित वाचावयास दिले. केंब्रिजच्या विद्यापीठात निकोलस साँडरसन नावाचा अंध प्राध्यापक गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्याच्या व्याख्यानांची ती टिपणे होती. हॅरिसनने त्या सबंध ग्रंथाची स्वतःच्या हाताने नक्कल केली, आकृत्या काढल्या आणि समासांत स्वतःच्या टीपा लिहिल्या. एका डोळे नसलेल्या गुरूने शाळा नसलेल्या शिष्यास न पाहता विद्या दिली. शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविल्यामुळे असेल, पण या चरित्रातील हा प्रसंग आम्हांस फार थोर वाटतो.

१७१३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने पहिले घड्याळ केले. ते जवळजवळ सर्व लाकडाचे होते! ओकची चक्रे आणि बॉक्सवुडचे आस. तो सुतार होता, आणि आपल्यास जे ठाऊक होते त्यातूनच त्याने आरंभ केला. चक्राचे दाते तुटू नयेत म्हणून लाकडाचे तंतू प्रत्येक दात्याच्या लांबीच्या दिशेने जातील अशा रीतीने तुकडे जोडून त्याने चक्र साधले. लाकडाची ओळख ज्याच्या बोटांत आहे, त्यालाच असली युक्ती सुचावयाची. पुढे १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी येथील एका जमीनदाराच्या तबेल्यावरील मनोऱ्यासाठी त्याने घड्याळ केले. घड्याळ बिघडते ते तेलामुळे, हे त्याने हेरले होते. म्हणून त्याने तेलच काढून टाकले. लिग्नम व्हिटी नावाचे उष्ण देशांतील एक अति कठीण लाकूड आहे. त्यातून आपोआप तेलकट अंश पाझरतो. आस जेथे फिरतो तेथे त्याने ते लाकूड बसविले. ते घड्याळ तीनशे वर्षे उलटून गेली तरी चालत आहे.

धाकटा भाऊ जेम्स याच्या साहाय्याने त्याने पुढे लोलकाचाही दोष काढला. पितळ तापले की जास्त वाढते, पोलाद कमी वाढते. दोहोंच्या सळया आळीपाळीने अशा जोडल्या की एकीची वाढ दुसरीने खाऊन टाकावी. उन्हाळा असो वा हिवाळा, लोलकाची लांबी तीच. घड्याळ तपासावयास या खेडुतांपाशी वेधशाळा कोठली? त्यांनी घराच्या खिडकीची कड आणि शेजाऱ्याचे धुराडे यांची एक रेषा धरली. तारा त्या धुराड्याआड रोज ३ मिनिटे ५६ सेकंद आधी जातो हा निसर्गाचा नियम. रात्रीमागून रात्री जागून दोघा भावांनी ताऱ्यांवरून घड्याळ पारखले, तेव्हा महिन्याला एका सेकंदापलीकडे चूक निघाली नाही. त्या काळी लंडनच्या नामांकित कारागिरांची घड्याळेही दिवसाला एखाद्या सेकंदाने चुकली तर उत्तम समजली जात.

ही सिद्धता झाल्यावर १७३० साली सदतीस वर्षांचा हा सुतार आपली कागदपत्रे घेऊन लंडनला गेला. ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख एडमंड हॅली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आपणांस ठाऊक आहे, त्याने त्यास जॉर्ज ग्रॅहॅम या प्रख्यात घड्याळकाराकडे पाठविले. आपली विद्या हा चोरील की काय, अशी शंका हॅरिसनच्या मनात होती. परंतु सकाळी दहास सुरू झालेले दोघांचे बोलणे रात्री आठपर्यंत चालले, आणि निघताना ग्रॅहॅमने व्याजाविना, तारणाविना त्यास पैसे दिले. गुणी माणसास गुणी माणसाने असे ओळखले, म्हणून पुढील इतिहास घडला.

पाच वर्षे खपून त्याने समुद्रावरचे पहिले घड्याळ तयार केले. वजन ३४ किलो. लोलकाऐवजी स्प्रिंगने जोडलेल्या दोन दांड्या परस्परांविरुद्ध झुलत, म्हणजे जहाजाने एकीस दिलेला धक्का दुसरीकडून फिटे. १७३६ साली हे घड्याळ घेऊन हॅरिसन ‘सेंच्युरियन’ जहाजातून लिस्बनला गेला. परतताना ‘ऑर्फर्ड’ जहाजावरील अधिकाऱ्यांस किनारा दिसला व त्यांनी एका भूशिराचे नाव सांगितले. हॅरिसन म्हणाला, हे ते नव्हे, आपण साठ मैलांहून अधिक पश्चिमेस आहोत. सुताराचे घड्याळ खरे ठरले आणि नावाड्यांचा अंदाज खोटा. ऑर्फर्डच्या मुख्य नाविकाने तसा लेखी दाखला दिला.

१७३७ साली रेखांश मंडळ या कामासाठी प्रथमच एकत्र बसले. या वेळी हॅरिसनने वेस्ट इंडीजच्या परीक्षेचा आग्रह धरला असता तर त्यास नाही म्हणणे मंडळास जड गेले असते. परंतु त्याने स्वतःच उठून सांगितले, की या यंत्रात दोष आहेत, मला ५०० पौंड द्यावेत, मी याहून चांगले करीन. त्या बैठकीत हॅरिसनच्या कामातील उणिवा दाखविणारा माणूस एकच निघाला, तो म्हणजे हॅरिसन.

दुसरे घड्याळ झाले. तेही समुद्रावर जाण्याआधी त्यातील एक मूळचा दोष ध्यानात आला. जहाज वळताना झुलत्या दांड्यांच्या गतीवर परिणाम होई. त्याने ते घड्याळ स्वतःच बाद केले. नंतर तिसरे आरंभिले, आणि त्या एका यंत्रावर एकोणीस वर्षे गेली! भाऊ जेम्स केव्हाच गावी परतला होता. पहिल्या बायकोचा मुलगा ऐन तारुण्यात वारला. दुसऱ्या बायकोचा मुलगा विल्यम, जो तिसऱ्या घड्याळाच्या आरंभी बारा-तेरा वर्षांचा होता, तो त्याच यंत्रावर काम करीत तिशीस आला. त्या यंत्रात ७५३ भाग होते. ते काही केल्या मनाजोगे चालेना. तथापि त्या एकोणीस वर्षांतील श्रम वाया गेले असे मात्र कोणी समजू नये. पितळ व पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक जडवून तापमानाबरोबर वाकणारी जी जोडपट्टी त्याने त्या वेळी काढली, तीच आज घरोघरच्या विजेच्या इस्त्रीत बसलेली असते व इस्त्री तापली की वीज तोडते. घर्षण कमी करण्यासाठी त्याने पिंजऱ्यात रूळ बसवून जी रचना केली, ती आजच्या यंत्रांतील रोलर बेअरिंगची पूर्वज होय.

येथे आम्ही तरुण वाचकांस थोडे थांबावयास सांगतो. चिकाटीचे पोवाडे आपण नेहमी गातो, परंतु चिकाटी आणि हट्ट यांतला भेद क्वचित सांगतो. हॅरिसनने तिसऱ्या घड्याळास शेवटपर्यंत कवटाळले असते तर तो एक हट्टी म्हातारा म्हणून मेला असता. झाले असे, की १७५३ साली त्याने आपल्या योजनेप्रमाणे एक खिशातले घड्याळ एका कारागिराकडून स्वतःच्या उपयोगासाठी करवून घेतले होते, आणि ते अपेक्षेहून फार चांगले चालले. लहान घड्याळ समुद्रावर टिकणार नाही, असे त्या काळी सर्वांचे मत होते. त्याचे स्वतःचेही होते. परंतु हातातील वस्तू जे सांगत होती ते त्याने ऐकले. साठी उलटलेल्या या माणसाने तीस वर्षांची मोठी यंत्रे बाजूस सारली आणि नव्याने आरंभ केला. ध्येय त्याने सोडले नाही. मार्ग मात्र वेळ येताच सोडला. आमच्या मते खरी चिकाटी हीच.

१७५९ साली चौथे घड्याळ पुरे झाले. व्यास पाच इंचांहून किंचित अधिक, वजन सुमारे दीड किलो. आत झिजू नयेत म्हणून हिऱ्याचे व माणकाचे बारीक तुकडे बसविलेले. सेकंदाला पाच ठोके. १८ नोव्हेंबर १७६१ रोजी विल्यम ते घेऊन ‘डेप्टफर्ड’ जहाजातून जमैकास निघाला. बाप अडुसष्ट वर्षांचा, तो घरी राहिला. वाटेत मदीरा बेट कोठे लागेल याविषयी विल्यम आणि जहाजाचे अधिकारी यांचा मतभेद झाला. विल्यमने सांगितले, दिशा बदलू नका, उद्या बेट दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसले. जहाज जमैकास पोहोचले आणि तेथे तपासणी झाली, तेव्हा एक्याऐंशी दिवसांत घड्याळ ५.१ सेकंद मागे पडले होते. पारितोषिकासाठी दोन मिनिटांची सवलत होती. चूक झाली पाच सेकंदांची!

आता वीस हजार पौंड मिळाले असतील, असे वाचकांस वाटेल. मंडळाने सांगितले, की जमैकाचा रेखांशच नक्की ठाऊक नाही, आणि एकदा जमले ते योगायोगानेही असेल. पुन्हा परीक्षा द्या. १७६४ च्या मार्चमध्ये विल्यम ‘टार्टर’ जहाजातून बार्बाडोस बेटास निघाला. या खेपेस ४७ दिवसांत चूक ३९ सेकंदांची. पहिल्या प्रतीच्या पारितोषिकास जी मर्यादा होती, तिच्या एक-तृतीयांशाहूनही ही चूक कमी होती. मंडळाने घड्याळाचा गुण मान्य केला, आणि पार्लमेंटने १७६५ साली नवा कायदा केला. अर्धी रक्कम यंत्राचे रहस्य उघड केल्यावर, आणि उरलेली अर्धी रक्कम इतर कारागीर तसेच घड्याळ करू शकतात हे सिद्ध झाल्यावर. पट्टीचा खेळाडू धाव पुरी करीत आला की रेषाच पुढे सरकवावी, तसा हा प्रकार झाला.

या मंडळात ग्रीनिच वेधशाळेचा नवा प्रमुख नेव्हिल मॅस्केलीन हा होता. चंद्र व तारे यांच्या अंतरावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचा तो पुरस्कर्ता. हॅरिसनच्या चरित्रात त्यास खलपुरुष रंगविण्याची चाल आहे, परंतु इतिहास लिहिताना न्याय सर्वांस दिला पाहिजे. मॅस्केलीन विद्वान होता, कष्टाळू होता, आणि त्याची पद्धतीही खोटी नव्हती. १७६७ पासून त्याच्या देखरेखीखाली निघालेल्या नाविक पंचांगाने असंख्य खलाशांस मार्ग दाखविला, कारण घड्याळे महाग होती व पंचांग स्वस्त. शिवाय एका माणसाच्या हातूनच होणारी वस्तू साऱ्या नौदलास कशी पुरणार, ही मंडळाची शंकाही अगदीच निराधार नव्हती. तथापि ज्याची स्वतःची पद्धती स्पर्धेत आहे त्यानेच प्रतिस्पर्ध्याच्या कामाची परीक्षा घ्यावी, ही गोष्ट न्यायाची खास नव्हे.

१७६५ च्या ऑगस्टमध्ये बहात्तर वर्षांच्या हॅरिसनने समितीपुढे सहा दिवस आपले घड्याळ खिळ्याखिळ्याने उकलून दाखविले. आगाऊ दिलेली रक्कम वजा जाता ७,५०० पौंड त्याच्या हाती आले. परंतु चारही घड्याळे सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. चौथे घड्याळ ग्रीनिचला नेऊन दहा महिने मॅस्केलीनने तपासले व ते भरवशाचे नाही असा अहवाल दिला. आणि १७६६ च्या मे महिन्यात तो स्वतः हुकूम घेऊन उरलेली तीन यंत्रे न्यावयास हॅरिसनच्या दारी उभा राहिला. मजुरांच्या हातून उचलताना पहिले घड्याळ खाली पडले. तीस वर्षांपूर्वी लिस्बनची सफर करून धडधाकट परत आलेले ते यंत्र त्याच्या कर्त्याच्या घरातच दुखावले. त्या वेळी त्या वृद्धाच्या मनास काय वाटले असेल, हे ज्याने स्वतःच्या हाताने एखादा देव्हारा किंवा पाळणा घडविला आहे, त्यास सांगावयास नको.

अट अशी, की आणखी दोन घड्याळे करून दाखवा, आणि नमुन्याचे घड्याळ मात्र परत मिळणार नाही! मंडळाने लार्कम केंडॉल या कारागिराकडून चौथ्या घड्याळाची हुबेहूब प्रत करविली. ती १७६९ साली तयार झाली. इकडे नजर मंदावलेल्या हॅरिसनने आठवणीवर आणि बोटांच्या सवयीवर पाचवे घड्याळ केले. १७७० साली ते संपले, तेव्हा तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता. आणखी एक करावयाचे तर आयुष्य पुरणार नाही, हे उघड दिसत होते. म्हणून १७७२ च्या जानेवारीत विल्यमने सरळ राजे तिसरे जॉर्ज यांस पत्र लिहिले. राजास यंत्रांची आवड होती. त्याने रिचमंड येथील आपल्या खासगी वेधशाळेत दहा आठवडे ते घड्याळ रोज स्वतः तपासविले. आरंभी ते भलतेच चुकू लागले, तेव्हा जवळच्या कपाटात लोहचुंबक ठेवलेले आहेत हे राजास आठवले, अशी कथा सांगतात. चुंबक काढताच घड्याळ सरळ झाले. अखेरचा निकाल, दिवसाला सेकंदाच्या एक-तृतीयांशाएवढी चूक. राजाने बापलेकांस पार्लमेंटकडे दाद मागण्याचा सल्ला दिला आणि १७७३ च्या जूनमध्ये पार्लमेंटने हॅरिसनला आणखी ८,७५० पौंड मंजूर केले. हे द्रव्य पार्लमेंटच्या कृपेने मिळाले. रेखांश मंडळाने पारितोषिकाचा विजेता म्हणून त्याचे नाव जाहीर केले नाही ते नाहीच. ते पारितोषिक त्या नावाने कोणासच कधी मिळाले नाही.

खरा निकाल मात्र समुद्राने दिला. कॅप्टन कुक १७७२ साली दुसऱ्या पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, तेव्हा केंडॉलने केलेली ती प्रत त्याच्याबरोबर होती. दक्षिण ध्रुवाकडील बर्फापासून उष्ण कटिबंधापर्यंत तीन वर्षे ते घड्याळ चालले. १७७५ साली परतलेल्या कुकने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. ही वार्ता हॅरिसनच्या कानी पडण्यापुरते त्याचे आयुष्य उरले होते. २४ मार्च १७७६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, लंडनमध्ये त्याने देह ठेवला. पुढे अर्नॉल्ड, अर्नशॉ इत्यादी कारागिरांनी ही घड्याळे सोपी व स्वस्त केली, आणि मुंबई-कलकत्त्यास येणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांवरही ती दिसू लागली. ज्या सत्तेने पुढे आपला देश व्यापला, तिच्या हाती हे साधन होते, हेही इतिहासाच्या वाचकाने विसरू नये. विद्या ज्याच्या हाती जाते त्याचे ती काम करते. म्हणूनच ती आपल्या हाती असावी.

या कथेस एक उपसंहार आहे. हॅरिसनने १७७५ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने म्हटले, की माझ्या पद्धतीने केलेले जमिनीवरचे लोलकाचे घड्याळ शंभर दिवसांत एका सेकंदापेक्षा अधिक चुकणार नाही. भाषा क्लिष्ट, लेखक म्हातारा. लोकांनी ते वेड्याचे बोलणे ठरविले. विसाव्या शतकात मार्टिन बर्जेस या घड्याळकाराने त्याच्या सूचनांबरहुकूम एक घड्याळ करावयास घेतले व पुढे इतर कारागिरांनी ते पुरे केले. ते ग्रीनिच येथे मोहोरबंद करून ठेवले. २०१५ साली निकाल जाहीर झाला, शंभर दिवसांत सेकंदाच्या पाच-अष्टमांशाची चूक! न शिकलेल्या सुताराचा शब्द दोनशे चाळीस वर्षांनी खरा ठरला. त्याच्या मूळच्या समुद्री घड्याळांचे भाग्यही असेच उशिरा उघडले. गंज चढून पडलेली ती यंत्रे १९२० साली नौदलातील रूपर्ट गोल्ड या अधिकाऱ्यास दिसली. त्याने अनेक वर्षे खपून ती पुन्हा चालती केली. आज ती ग्रीनिचच्या वेधशाळेत आहेत. २००६ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजे व पंडित यांच्या शेजारी, हॅरिसनच्या नावाची शिळा बसविण्यात आली.

एवढे सारे सांगण्याचा हेतू काय? शाळेत मुलांची नावे पटावर चढविताना एक गोष्ट आम्ही पुष्कळदा पाहिली. बापाचा धंदा विचारला की आपल्या ज्ञातीचे पोर खाली मान घालून ‘सुतारकाम’ असे पुटपुटे, आणि कारकुनाचे पोर ताठ मानेने उत्तर देई. ही लाज त्या लेकरास कोणी शिकविली? बाहेरच्यांनी शिकविली हे खरे, परंतु घरातूनही थोडी शिकविली गेली. मुलाने शिकून मोठे व्हावे, डॉक्टर-इंजिनिअर व्हावे, ही इच्छा योग्यच आहे, आणि आपले मंडळ त्यासाठी झटत आहे. पण शिक्षण म्हणजे हाताच्या विद्येपासून सुटका, ही समजूत घातक होय. हॅरिसनने पुस्तक हाती घेतले तेव्हा पटाशी खाली ठेवली नाही. ग्रंथाची नक्कल करणारा हात आणि लाकडाचे तंतू ओळखणारा हात एकच होता, म्हणूनच केंब्रिजच्या पंडितांस जे सुचले नाही ते त्यास सुचले. आपल्याकडील वाड्यांचे चौक, देवळांचे सभामंडप, रथ आणि गलबते ज्यांनी घडविली, त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्यांच्या विद्येची टिपणे कोणी ठेविली नाहीत, आणि त्यांनीही ती ठेविली नाहीत. हॅरिसनने आपले काम लिहून ठेवले, म्हणून तो मेल्यावरही वाद जिंकला.

म्हणून आमची विनंती एवढीच. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची हत्यारे माळ्यावर पडली असतील त्यांनी ती भंगारात घालू नयेत. ज्यांचे वडील अद्याप गुण्या आणि रंधा हाती धरतात, त्यांच्या मुलांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. कोणते लाकूड केव्हा तोडावे, कोणता सांधा कशासाठी घालावा, चाकाची धाव कशी बसवावी, हे सारे शब्दशः लिहून घ्यावे. पुढील वर्षीच्या अंकात अशा दोन-चार वह्यांतील मजकूर आला, तर तो आमच्या या लेखाहून शतपटीने मोलाचा ठरेल. आणि कामात अपयश आले, वरच्यांनी नाकारले, दिलेली अट ऐन वेळी बदलली, तर बॅरो गावच्या त्या सुताराचे स्मरण करावे. टाकीचे घाव सोसल्याविना देवपण येत नाही, हे आपल्या लोकांस निराळे सांगावयास नको. टाकी आपल्याच घरची आहे.